मुंबई ते मालवण: हवाई अंतर, रस्त्याचे अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

मुंबईपासून मालवण किती लांब आहे, या प्रश्नाची एकाहून अधिक उत्तरे मिळतात आणि ती सगळी आपापल्या जागी बरोबर असतात. आकाशातून सरळ रेषेत मोजले तर हे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आत भरते, महामार्गाने गेले तर ते पाचशेला टेकते, आणि तासांत मोजायचे ठरवले तर पाच तासांपासून चतुर्थीच्या आदल्या दिवशीच्या अठरा तासांपर्यंत काहीही उत्तर येऊ शकते. गावी निघणाऱ्या माणसाला यांपैकी तिसरे उत्तर हवे असते, पण तिकीट काढताना किंवा गाडीची किल्ली फिरवताना तो विचार मात्र पहिल्या दोनांचाच करतो. म्हणून हा हिशेब पायरीपायरीने कसा करावा, हे पुढे मांडले आहे. उदाहरण दादर ते मालवण असे घेतले असले, तरी कोकणातल्या कोणत्याही गावासाठी रीत तीच राहते.

पहिली पायरी: दोन्ही टोके नेमकी ठरवणे

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढची सगळी गणिते त्यामुळे चुकतात. रस्त्याने जाणाऱ्याची खरी सुरुवात पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर होते, कारण राष्ट्रीय महामार्ग ६६ तिथून सुटतो. दादर ते पळस्पे हे अंतर सुमारे ४५ कि.मी. असते, तर बोरिवलीकराला त्यात आणखी पंधरा-वीस कि.मी. मिळवावे लागतात. मुंबईत दक्षिण भागात राहणाऱ्यांना १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू उपयोगी पडतो. शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा हा २१.८ कि.मी.चा पूल वाशी आणि पनवेलची कोंडी टाळून उरण-पनवेल पट्ट्यात नेऊन सोडतो. टोल जास्त आहे, पण सकाळी आठनंतर निघणाऱ्याला तो परवडतो. पहाटे चारला निघणाऱ्याला त्याची फारशी गरज नाही.

दुसऱ्या टोकाला नावांचा घोळ अधिक आहे. ‘सिंधुदुर्ग’ हे नाव एकाच वेळी चार जागांना लागू होते: किल्ला मालवणच्या समुद्रात आहे, जिल्ह्याचे मुख्यालय ओरोसला आहे, कोकण रेल्वेचे सिंधुदुर्ग स्थानक ओरोसजवळ आहे आणि सिंधुदुर्ग विमानतळ वेंगुर्ले तालुक्यातल्या चिपी-परुळे भागात आहे. माणगाव रायगडात महामार्गावर आहे आणि दत्तमंदिराचे माणगाव कुडाळ तालुक्यात आहे. बल्लाळेश्वराची पाली सुधागड तालुक्यात, तर महामार्गावरची दुसरी पाली हातखंब्याच्या पुढे रत्नागिरी तालुक्यात आहे. इंदापूर म्हटले की अर्ध्या महाराष्ट्राला पुणे जिल्ह्यातले गाव आठवते, पण या रस्त्यावर इंदापूर म्हणजे कोलाड आणि माणगाव यांच्यामधले गाव होय. माझ्या एका मावसभावाने कुडाळच्या माणगावला लग्नाला यायचे म्हणून नकाशात नाव टाकले आणि साडेतीन तासांत पोहोचतो असे अभिमानाने कळवले. तेवढ्यावरून सगळ्यांना काय झाले ते समजले. नकाशात गावाबरोबर तालुका किंवा पिनकोड लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

दुसरी पायरी: हवाई अंतर घरच्या घरी काढणे

यासाठी संगणकाची गरज नाही, शाळेतला भूगोल आणि पायथागोरसचा सिद्धांत पुरतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ कि.मी.; रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण उत्तरेकडे आक्रसत जातो आणि कोकणच्या पट्ट्यात तो सुमारे १०६ कि.मी. भरतो. मुंबईचा विमानतळ १९.१ अंश उत्तर आणि ७२.८७ अंश पूर्व येथे आहे, तर चिपी १६.० अंश उत्तर आणि ७३.५३ अंश पूर्व येथे आहे. अक्षांशांतला फरक ३.१ अंश, म्हणजे ३४४ कि.मी.; रेखांशांतला फरक ०.६६ अंश, म्हणजे ७० कि.मी. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढले की ३५१ येते. विमान क्षेत्रात अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल १.८५२ कि.मी.चा असल्याने हे अंतर सुमारे १९० सागरी मैल होते. गोव्यातल्या मोपा विमानतळासाठी हाच हिशेब केला, तर उत्तर ३८५ ते ३९० कि.मी.च्या दरम्यान येते.

आता मुंबई विमानतळावरून चिपीपर्यंत गाडीने गेले तर सुमारे ५१० कि.मी. पडतात, म्हणजे हवाई अंतराच्या जवळपास दीडपट. सपाट मुलखात हे प्रमाण बरेच कमी असते. कोकणात ते वाढते, कारण सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या समुद्राला मिळताना रुंद खाड्या तयार करतात आणि त्या खाड्या चुकवण्यासाठी महामार्ग किनाऱ्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याकडून वळणे घेत नेलेला आहे. कुंडलिका, सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, गड ही नावे पुलांच्या पाट्यांवर एकामागून एक येत जातात, ती याच कारणाने. दाभोळ आणि धोपावे ही दोन गावे वाशिष्ठीच्या खाडीवर समोरासमोर आहेत. फेरीबोटीत गाडी चढवली तर थोड्याच वेळात पलीकडे उतरता येते, पण रस्त्याने जायचे म्हटले तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभर कि.मी.हून मोठा फेरा पडतो. त्यामुळे किनाऱ्यावरच्या गावासाठी केवळ नकाशावरचे जवळपण पाहून वेळ ठरवू नये.

तिसरी पायरी: रस्त्याचे तुकडे पाडणे

संपूर्ण अंतराला ताशी साठच्या सरासरीने भागण्याची चूक सर्रास होते. पाचशे भागिले साठ म्हणजे आठ तास वीस मिनिटे, असा हिशेब करून दुपारच्या जेवणाला गावी पोहोचण्याचे वचन दिले जाते आणि प्रत्यक्षात दिवेलागणीला गाडी खळ्यात शिरते. चौपदरी रस्त्यावर काटा ऐंशीवर दिसत असला, तरी फाटे, गावे, वळणरस्ते आणि टोलनाके धरून त्या टप्प्याची सरासरी ५५ ते ६० च्या वर क्वचितच जाते. घाटात आणि बाजारपेठेत ती तीसच्या खाली येते. म्हणून महामार्गाचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळी वेळ लावावी.

दादर ते पळस्पे ४५ कि.मी.ला सव्वा तास धरावा. पहाटे हाच टप्पा पन्नास मिनिटांत होतो. पळस्पे ते इंदापूर हा महामार्गाचा पहिला टप्पा अधिकृत मोजणीप्रमाणे ८४ कि.मी.चा आहे आणि त्याला दोन तास द्यावेत. पेण आणि वडखळ येथे अलिबागची वाहतूक मिसळते, आणि इंदापूर-माणगावच्या बाजारपेठा हा तर सगळ्या प्रवासातला सर्वांत बेभरवशाचा भाग आहे. शनिवारी सकाळी तिथे दहा मिनिटांच्या जागी एक तास गेला, तर नवल मानू नये.

इंदापूर ते कशेडी ओलांडून खेडच्या अलीकडे, सुमारे ७८ कि.मी.ला पावणेदोन तास पुरतात. महाडजवळ सावित्री नदीवरचा नवा पूल याच टप्प्यात लागतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात जुना पूल वाहून गेला आणि त्यानंतर वर्षाच्या आत हा पूल उभा राहिला. पुढे पोलादपूरनंतर कशेडी घाट येतो. सुमारे दोन कि.मी.च्या जोड बोगद्यांमुळे, पाऊण तास खाणारे घाटाचे ते अंतर आता दहा-पंधरा मिनिटांवर आले आहे, आणि या महामार्गावर गेल्या काही वर्षांत प्रवाशाच्या प्रत्यक्ष पदरात पडलेला सर्वांत मोठा लाभ माझ्या मते हाच आहे. जुन्या माणसांकडून प्रवासाच्या वेळा विचारताना त्या बोगद्याच्या आधीच्या आहेत की नंतरच्या, हे विचारून घ्यावे.

खेडच्या अलीकडून भोस्ते घाट आणि परशुराम घाट उतरून चिपळूणपर्यंत सुमारे ४५ कि.मी. आणि एक तास लागतो. चिपळूण ते हातखंबा हे सुमारे ८८ कि.मी. आहेत, पण आरवली, संगमेश्वर ते वाकेड या पट्ट्यात चौपदरीकरणाचे काम अनेक वर्षे रेंगाळले आणि वळणरस्त्यांनी वेग मारला. इथे दोन तास धरणेच शहाणपणाचे. रत्नागिरी शहरात जाणाऱ्याने लक्षात ठेवावे, की महामार्ग शहरातून जात नाही. हातखंब्याला उजवीकडे वळून आणखी बारा-तेरा कि.मी. जावे लागते. हातखंबा ते कणकवली हे सुमारे ११० कि.मी. लांजा, राजापूर, खारेपाटण असे दोन तासांत होतात, आणि खारेपाटणनंतर रस्ता इतका मोकळा होतो की दिवसभर आखडलेला चालक नकळत वेग वाढवतो. नेमके इथेच गुरे आडवी येतात.

कणकवलीपासून कसाल साधारण १८ कि.मी., आणि कसालला महामार्ग सोडून मालवण सुमारे ३५ कि.मी. आहे. या शेवटच्या दोन्ही तुकड्यांना मिळून एक तास दहा मिनिटे लागतात. सगळी बेरीज केली, तर ५०३ कि.मी. आणि गाडी चालती असतानाचे ११ तास १० मिनिटे होतात. त्यात न्याहारी, जेवण, इंधन आणि मुलांच्या थांब्यांचे मिळून दीड तास घातला, की हाती येणारी संख्या पावणेतेरा तासांच्या जवळ जाते. पहाटे चारला निघणाऱ्याचे यातले एक ते दोन तास सहज वाचतात. कुडाळला जाणाऱ्याने कसालला न वळता सरळ पुढे जावे. त्याचे अंतर सुमारे ४८५ कि.मी. होते. सावंतवाडी त्याच्याही पुढे वीस-पंचवीस कि.मी.वर आहे.

अंतराची खातरजमा रस्त्यातही करता येते. पिवळ्या माथ्याचे दगड राष्ट्रीय महामार्गाचे आणि हिरव्या माथ्याचे राज्य मार्गाचे असतात. दोन दगडांवरच्या आकड्यांची वजाबाकी आणि मनगटावरचे घड्याळ यांतून चालू टप्प्याची सरासरी कळते. जुन्या माहितीपत्रकांत या रस्त्याचा क्रमांक १७ असा सापडेल. रस्ता तोच आहे.

मोबाइलवरचा नकाशा वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक म्हणजे तो दाखवतो ती वेळ बघण्याच्या क्षणाच्या वाहतुकीची असते, म्हणून निघण्याची तारीख आणि तास भरून मगच ती वाचावी. दुसरे, कोंडी झाली की तो गाडीला गावातल्या चिंचोळ्या रस्त्यांवर वळवतो, जिथे समोरून एसटी आली तर दोनशे मीटर मागे जाण्यावाचून गत्यंतर नसते.

चौथी पायरी: विमानाचा वेळ, तिकिटावर नसलेला

साडेतीनशे कि.मी.साठी विमानाला किती वेळ लागावा? या मार्गांवर वापरल्या जाणाऱ्या एटीआर ७२ जातीच्या पंख्याच्या विमानाचा आकाशातला वेग ताशी सुमारे ५०० कि.मी. असतो, म्हणजे उत्तर ४२ मिनिटे यायला हवे. तिकिटावर मात्र सव्वा ते दीड तास लिहिलेला असतो. तो वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो; त्यात मुंबईच्या धावपट्टीकडे रांगेने सरकणे, उंची गाठणे, उतरण्यापूर्वीचे वळण आणि उतरल्यावर थांब्यापर्यंत जाणे हे सगळे येते. गोव्याला जाणारे जेट विमान ताशी आठशेने जात असूनही जवळपास तेवढाच वेळ घेते, ते याचमुळे. अंतर लहान असले, की वेग वाढवून फारसे काही साधत नाही.

दादरहून विमानतळाला एक तास, तिथे पावणेदोन तास आधी हजर राहणे, उड्डाणाची एक तास वीस मिनिटे, उतरून सामान घेण्याची पंचवीस मिनिटे आणि चिपीहून मालवणला चाळीस मिनिटे, अशी बेरीज केली तर पाच तास दहा मिनिटे होतात. देशांतर्गत प्रवासात सामान स्वीकारणारा काउंटर बहुधा उड्डाणाच्या ६० मिनिटे आधी आणि विमानाचे दार २५ मिनिटे आधी बंद होते; म्हणून पावणेदोन तासांत काटछाट करण्याचा मोह टाळावा. मुंबईत आपले विमान सांताक्रूझच्या टर्मिनल १ वरून आहे, सहारच्या टर्मिनल २ वरून आहे की ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळावरून आहे, हे तिकिटावर पाहावे. पनवेल-बेलापूरच्या माणसाला नवी मुंबई म्हणजे दाराशी आलेले विमान आहे. बोरिवलीकराने तिथले स्वस्त तिकीट घेतले, तर वाचलेले पैसे टॅक्सीवाल्याला द्यावे लागतात.

चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. तिथल्या सेवा मात्र सतत सारख्या राहिलेल्या नाहीत. मार्ग, वार आणि कंपन्या बदलत गेल्या आहेत. त्यामुळे चिपीचे तिकीट हाती आल्याशिवाय त्या बेतावर गावच्या माणसांना बोलावणे पाठवू नये. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून प्रवाशांसाठी चालू आहे आणि तिथे मुंबईहून दिवसातून अनेक विमाने जातात. तो गोव्यात असला, तरी पेडणे तालुक्यात, सिंधुदुर्गाच्या सीमेला लागून आहे. बांदा, सावंतवाडी आणि दोडामार्गच्या लोकांना तोच खरा जवळचा विमानतळ आहे. मालवणला तिथून सुमारे ८० कि.मी. आणि दोन तास लागतात, म्हणजे घरापासून घरापर्यंतची बेरीज साडेसहा तासांवर जाते. तिकिटावर नुसते ‘गोवा’ पाहून समाधान मानू नये. दाबोळी हा वेगळा विमानतळ आहे, आणि तिथे उतरणाऱ्याला झुआरी व मांडवी या दोन्ही नद्या ओलांडून यावे लागते. रत्नागिरीच्या विमानतळावर तटरक्षक दलाचा तळ आहे. नियमित प्रवासी सेवा गृहीत धरून बेत आखू नये.

कोणत्या गावाला काय परवडते

विमानाच्या प्रवासात चाक हलण्यापूर्वीच पावणेतीन तास खर्ची पडलेले असतात, आणि गाव विमानतळापासून जितके उत्तरेला, तितकी उलट दिशेची रपेट वाढते. रत्नागिरीला मोपामार्गे जायचे ठरवले, तर विमानतळावरून दोनशे कि.मी. मागे यावे लागते आणि एकूण वेळ साडेआठ तासांच्या पुढे जातो. रस्त्याने थेट गेलो तरी चालते तास सव्वाआठ होतात. राजापूरला विमानाने दीड-दोन तास वाचतात, पण टॅक्सीचे भाडे विमानाच्या तिकिटाला भारी पडू शकते. म्हणून माझा ढोबळ नियम असा आहे, की लांज्याच्या उत्तरेला विमानाचा विचारच करू नये, खारेपाटण ते कणकवली भागात एकटा माणूस आणि घाईचे काम असेल तरच करावा, आणि कुडाळ, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी येथे तो जरूर करावा. चार माणसे आणि सामान असले, की मोटार पुन्हा पुढे सरकते, कारण गावात फिरायला गाडी लागतेच.

रेल्वे हा या लेखाचा विषय नाही, तरी तुलनेसाठी एक आकडा द्यायला हवा. जून २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-मडगाव वंदे भारत पावसाळा सोडून सुमारे पावणेआठ तासांत मडगाव गाठते आणि खेड, रत्नागिरी, कणकवलीला थांबते. कणकवलीच्या माणसाला आरक्षण मिळत असेल, तर वरची सगळी चर्चा त्याला लागू नाही.

पाऊस आणि चतुर्थी

जून ते सप्टेंबर या काळात रस्त्याच्या बेरजेत किमान पाचवा हिस्सा वाढवावा. परशुराम घाटात दरड येण्याची भीती असते, खेडला जगबुडी आणि चिपळूणला वाशिष्ठी इशारा पातळी ओलांडते, तेव्हा वाहतूक थांबवली जाते. विमानालाही पाऊस सुटत नाही. ढग खाली आले आणि धावपट्टी दिसेनाशी झाली, तर विमान आकाशात घिरट्या घालते किंवा दुसरीकडे उतरवले जाते. ज्या दिवशी कार्य आहे त्याच दिवशीचे विमान पावसाळ्यात धरू नये, आदल्या दिवशीचे धरावे.

गणपतीच्या आधीच्या तीन दिवसांत तर तक्ता बाजूला ठेवावा लागतो. पळस्पे ते माणगाव याच १०० कि.मी.ला सहा तास लागल्याचे मी स्वतः अनुभवले आहे, आणि मूर्ती मांडीवर घेऊन बसलेल्या आजोबांचे पाय त्यानंतर दोन दिवस सुजलेले होते. अशा वेळी द्रुतगती मार्गाने पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर गाठून घाट उतरणे अनेकांना सोयीचे पडते. रत्नागिरीसाठी आंबा घाट, चिपळूणसाठी कराडहून कुंभार्ली, कणकवलीसाठी फोंडा आणि सावंतवाडीसाठी आंबोली असे घाट आहेत. कणकवलीपर्यंत या मार्गाने चाळीस-पन्नास कि.मी. वाढतात, टोलही वाढतो, पण गाडी हलती राहते. घाट चालू आहे की नाही, हे आधी विचारावे. वैभववाडीला उतरणारा करूळ घाट २०२४ मध्ये कामासाठी दीर्घकाळ बंद होता आणि पाटी न वाचता गेलेल्या लोकांना परत फिरावे लागले. शिवाय अनोळखी घाट रात्रीच्या धुक्यात उतरू नये. गणपतीला कोकणात जाणाऱ्या वाहनांना शासन गेली काही वर्षे टोलमाफी देते, त्याचा पास वाहतूक पोलीस किंवा आरटीओकडून निघण्यापूर्वी घ्यावा लागतो.

परतीचा हिशेब

परतीच्या वेळी अंतर तेच असले, तरी वेळापत्रक उलटे करावे लागते. रविवारी संध्याकाळी पाच ते दहा या वेळात पेण ते पनवेल पट्ट्यात अलिबाग आणि महाडकडून परतणाऱ्या गाड्या एकत्र येतात; त्यामुळे मालवणहून पहाटे चारला निघून दुपारी तीनच्या आत वडखळ ओलांडावे, नाहीतर सरळ रात्री उशिरा पोहोचण्याची तयारी ठेवावी. विमानाने येणाऱ्याने सामानाकडे लक्ष द्यावे, कारण गावाहून निघताना वजन वाढलेले असते आणि मोफत मर्यादा बहुधा १५ किलोच राहते. कोकमाचे आगळ आणि लोणचे हातातल्या पिशवीत न ठेवता घट्ट बांधून मोठ्या सामानात घालावे. सुके खोबरे मात्र कुठेच चालत नाही. तेलामुळे ते ज्वालाग्राही पदार्थांत मोडते आणि तपासणीत काढून ठेवतात, तेव्हा ते मागाहून एसटीने येणाऱ्या कुणाकडे तरी सोपवावे.